अळी जेवते आहे

या. बसा जरा.

पाठीला आधार असेल तर टेका. हात मांडीवर सैल सोडा. चष्मा काढू नका. आज पाहायचंच आहे.

श्वास येतो आहे. येऊ द्या.

जातो आहे. जाऊ द्या.

आता मनासमोर एक हस्तलिखित ठेवू या. आपल्या शाळांतून दर वर्षी निघतं, तसं. कार्डशीटचं मुखपृष्ठ. कडेला दोन भोकं, त्यांतून ओवलेली सॅटिनची रिबीन. वर मोठ्या अक्षरांत ‘निसर्ग विशेषांक’, आणि प्रत्येक अक्षराला स्केचपेननं दिलेली सावली.

हात फिरवा त्यावरून.

डिंक वाळला आहे तिथे कागद फुगला आहे. एका कोपऱ्यात बोटाचा निळा ठसा राहून गेला आहे. असू दे.

उघडा. सावकाश.

सुरुवातीच्या पानांवर घोषवाक्यं आहेत. झाडं लावायची, झाडं जगवायची. मग तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी. मग करवतीखालचं झाड, आणि त्याच्या डोळ्यांतून ओघळणारं पाणी.

मुलांनी ही चित्रं मनापासून काढली आहेत. पृथ्वी तापते आहे हे त्यांच्या कानावर आलं आहे, आणि ते त्यांना लागलं आहे. झाडाचे अश्रू किती जपून रंगवले आहेत, बघा. एकही थेंब रेघेबाहेर गेलेला नाही.

त्या पानांचा मान ठेवून पुढे जाऊ या.

आपलं पान आत आहे.

हे.

लगेच वाचू नका. खाली मजकूर आहे, तो नंतर. कडेला नाव आहे, तेही राहू दे. सहावीतली एक मुलगी, एवढं पुरे.

आधी नुसता हिरवा रंग.

डोळे त्या हिरव्यावर टेकवा, आणि काही करू नका.

एक श्वास.

अजून एक.

तेलखडूच्या लहान डब्यात हिरवे दोनच असतात. एक पोपटी, एक गडद. इथे तिसरा दिसतो का? गडद हिरव्यावरून पिवळा फिरवून केलेला. शेंड्याकडे पोपटी, मधे हा तिसरा, आणि खाली, जून पानांकडे, गडद.

कोवळ्या पानाचा रंग जून होत होत कसा बदलतो, हे तिनं कुठे वाचलं असेल किंवा नसेलही. खडू मात्र त्याच क्रमानं फिरला आहे.

कढीपत्त्याची डहाळी आहे ही.

हिच्यातली एकच काडी निवडा. मधली. बुंध्याकडून टोकाकडे नजर नेऊ या, अगदी हळू.

डावीकडे एक पान.

जरा वर, उजवीकडे एक.

पुन्हा डावीकडे.

समोरासमोर नाहीत ती. एक इथे, दुसरं थोडं पुढे. आणि टोकाला एकटं एक.

घाईत काढलेल्या डहाळीवर पानं जोडीजोडीनं बसतात. हाताला तशी सवय असते. इथे हात थांबला आहे. डोळे झाडाकडे गेले आहेत, मग कागदाकडे आले आहेत. प्रत्येक पानामागे एक जाणं आणि एक येणं.

आपणही तसंच पाहू या. एका पानाला एक श्वास.

घाई झाली तर थांबा. पुन्हा खालून सुरुवात करा.

आता जरा वाका. पानांवर बारीक ठिपके आहेत. पेन्सिलीच्या टोकानं, हलक्या हातानं दिलेले. तुम्हाला वाटेल, कागदाचेच असतील. नाहीत. कढीपत्त्याचं पान उजेडासमोर धरलं की असेच ठिपके दिसतात. लिंबाच्या पानातही दिसतात. दोघं एकाच कुळातले. तेलाच्या बारीक ग्रंथी आहेत त्या. वास तिथे असतो.

तो वास आठवा.

फोडणीतला नको. त्याच्या आधीचा. बोटांत चुरडलेल्या पानाचा, हिरवा, जरासा कडवट.

आला का?

राहू द्या तिथेच, नाकाशी.

आणि पाहा, तिनं कधीतरी एक पान उन्हासमोर धरलं होतं. एक डोळा मिटून.

आता उजवीकडच्या तिसऱ्या पानाकडे या.

ते पूर्ण नाही.

कडेचा एक तुकडा गेलेला आहे. गोलसर, आत वळलेला. त्याच्यावरच्या पानाची तर मधली शीरच तेवढी उरली आहे.

इथे कागद थोडा खरबरीत झाला आहे. बोटाच्या टोकाला कळतं. रबर फिरलं आहे. रबराखाली पुसट रेघ अजून दिसते, आणि ती रेघ पूर्ण पानाची आहे.

म्हणजे आधी तिनं अख्खं पान काढलं. मग झाडाकडे पाहिलं. मग खोडलं. मग जसं होतं तसं काढलं.

इथे थांबू या.

या खोडलेल्या जागेपाशी बसायला मला फार आवडतं. अख्खं पान अधिक देखणं दिसलं असतं. शेजारच्या बाकावरून कुणी म्हणालंही असेल, फाटकं कशाला काढतेस? तरी तिनं रबर उचललं.

त्या रबराचा आवाज ऐका. कागदावर घासल्याचा. मग फुंकर.

फुंकर आपणही घालू या. तोंडानं हळूच श्वास सोडा. लांब.

पुन्हा एकदा.

खाल्लेल्या पानाच्या खाली, दुसऱ्या एका पानावर, काहीतरी पडलं आहे. काळपट तपकिरी, मधे पांढरा डाग. पहिल्या नजरेला वाटतं, पक्ष्याची शीट.

तसंच वाटायला हवं. पक्ष्यालाही तसंच वाटतं, आणि तो चोच न लावता निघून जातो.

पाहत राहा.

एका टोकाला जाडसर आहे. दुसऱ्या टोकाकडे निमुळतं. खाली बारीक पाय. आहेत ना?

अळी आहे. कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची. काळं फुलपाखरू, कढीपत्त्याभोवती आणि लिंबाभोवती घिरट्या घालताना तुम्हीही पाहिलं असेल. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं ठेवते. मोहरीएवढं, फिकट पिवळसर. तीन-चार दिवसांत आतून अळी बाहेर येते, आणि बहुधा आधी आपल्या अंड्याचं कवच खाते. मग पान.

आपल्या राज्याचं फुलपाखरू, नीलवंत, याच घराण्यातलं. ब्लू मॉरमॉन. त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. २०१५ साली महाराष्ट्रानं त्याची निवड केली. राज्याचं फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. हस्तलिखितात समोरच्याच पानावर कुणीतरी नीलवंत काढला आहे. निळा, मोठा, तक्त्यावरून पाहून. छान उतरला आहे.

नजर तिकडे गेली तर जाऊ द्या.

आणि परत आणा. या काळपट ठिपक्याकडे.

अळी हलत नाही. चित्रच आहे ते. तरीही थोडा वेळ टक लावून पाहिलं की वाटतं, आता डोकं उचलेल.

थांबा तेवढा वेळ.

आता खालचा मजकूर.

दोनच वाक्यं आहेत. पेननं, रेघ न मारता, म्हणून जरा उतरत गेलेली.

‘ही काडी तोडू नये. अळी जेवते आहे.’

मनातल्या मनात वाचा.

पुन्हा वाचा. यावेळी आणखी हळू, एकेक शब्द सुटा.

ही. काडी. तोडू नये.

अळी. जेवते. आहे.

घोषवाक्य नाही हे. कुणाला उद्देशून लिहिलं आहे तेही कळतं. झाड शाळेच्या परसबागेतलं आहे. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशी रोज दुपारच्या आधी येतात आणि दोन-चार काड्या मोडून नेतात. त्यांनाही ही पानं हवीत. अळीलाही हवीत. झाड एकच.

दुपारची सुट्टी व्हायला थोडा अवकाश आहे. मोठ्या पातेल्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज येतो. दुसरीच्या वर्गातून पाढे ऐकू येतात. तेरा एके तेरा. आवाज चढतो, उतरतो. परसबागेत ऊन आणि पाणी घातलेल्या मातीचा वास.

मावशी झाडापाशी उभ्या आहेत.

त्यांचा हात पाहा. या काडीपाशी येतो. थबकतो. शेजारच्या फांदीकडे जातो.

एवढंच घडतं.

खिचडीत कढीपत्ता पडतो. अळी जेवत राहते.

या हाताच्या थबकण्यात थोडं राहू या. तुमचाही हात किंवा पाय असा कधीतरी थबकला असेल. मुंग्यांच्या रांगेवर पाय टाकताना. दिव्याभोवतीचा किडा झटकताना. कुठली तरी एक वेळ आठवा. मोठी नको, साधीच.

ती वेळ धरून एक श्वास घ्या.

सोडा.

साने गुरुजींची आठवण इथे होतेच. ‘श्यामची आई’त ‘मुकी फुले’ नावाचं प्रकरण आहे. श्याम फुलं उमलायच्या आधीच कळ्या खुडून आणतो आणि आई त्याला जवळ घेऊन समजावते. हेच गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत. रोज. मुलांनी सकाळी वाचावं म्हणून. आपल्या शाळांमधली हस्तलिखितं त्या हाताच्या उबेतली आहेत, असं मला नेहमी वाटतं. छापलेल्या अंकात हे रबर फिरलेलं पान आलंच नसतं.

तिनं डहाळी तोडून वर्गात आणली नाही, हेही लक्षात घ्या. आणली असती तर सोपं गेलं असतं. बाकावर ठेवायची, आरामात काढायची. ती झाडापाशी गेली. कागदाखाली पुठ्ठा धरून, उभ्यानं.

म्हणून रेघा थोड्या हललेल्या आहेत.

त्या हललेल्या रेघा बघा.

पानाच्या तळाशी एक पट्टी आखली आहे. पाच चौकोन. प्रत्येकाखाली वार.

पहिला चौकोन, सोमवार. मधोमध एक टिंब. अंडं. दुसरं काही नाही, पानाची कडसुद्धा नाही. टिंबाकडे पाहा.

दुसरा, शुक्रवार. काळपट अळी, वर पाहिली तशीच, पण लहान. खाली बारीक अक्षरांत: ‘दोन होत्या. एक दिसत नाही.’

दिसत नाही म्हणजे काय झालं, ते तिनं लिहिलेलं नाही. गांधीलमाशीनं नेली असेल. कोळ्यानं, पक्ष्यानं. घातलेल्या अंड्यांपैकी थोडीच शेवटपर्यंत पोचतात. हे तिला माहीत आहे की नाही, कुणास ठाऊक. तिनं मोजल्या होत्या, आणि एक कमी भरली.

‘एक दिसत नाही’ या शब्दांपाशी जरा बसा.

दुःख करायचं नाही. दिलासाही शोधायचा नाही. एक दिसत नाही, एवढंच.

श्वास येतो.

जातो.

तिसरा चौकोन, बुधवार. आता अळी हिरवी आहे. चांगली बोटभर. वाढताना ती चार वेळा कात टाकते, आणि शेवटच्या कातेनंतर तो काळपट वेश जाऊन पानाचाच रंग येतो. पाठीच्या उंचवट्यावर दोन डोळे काढले आहेत. ते खरे डोळे नव्हेत. नुसते ठसे, भीती घालायला. आणि डोक्यामागून निघालेलं एक लाल, दुभंगलेलं शिंग. अळीला डिवचलं की ते बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो.

म्हणजे तिनं डिवचलं होतं. एकदा तरी. काडीनं, हळूच. सहावीतली मुलगी आहे.

तो वास तिनं लिहून ठेवला आहे: ‘संत्र्याचं साल कुजल्यासारखा.’ 

चौथा चौकोन. इथे दोन वार लिहिले आहेत, सोमवारपासून शनिवारपर्यंत, मधे आडवी रेघ. कोष. काडीला मागच्या टोकानं चिकटलेला, डोकं वर, आणि कमरेभोवती रेशमाचा एकच धागा. त्या एका धाग्याच्या आधारानं तो मागे रेलून उभा आहे.

तो धागा तिनं सर्वांत बारीक टोक करून काढला आहे.

इथे आपण बराच वेळ थांबू या. कोषाच्या आत पुष्कळ काही चाललेलं असतं. बाहेरून काही दिसत नाही.

पाठ सैल सोडा. खांदे सैल सोडा.

शनिवारपर्यंत ती रोज येते आहे. प्रार्थनेआधी एकदा, सुट्टीत एकदा. पाहते. काही बदललेलं नसतं. परत जाते.

तसंच आपण. पाहा. काही बदललेलं नाही. डोळे मिटा.

उघडा. पुन्हा पाहा.

काही बदललेलं नाही.

मिटा.

उघडा.

पाचवा चौकोन कोरा आहे.

चारी बाजूंनी पट्टीनं आखलेला, आणि आत काही नाही. कागदाचा मूळ रंग. खाली लिहिलं आहे:

‘रविवारी उडालं. मी पाहिलं नाही.’

आणि त्याच्याखाली, कंसात: ‘सोमवारी रिकामा कोष होता.’

फुलपाखरू काढता येत नव्हतं असं नाही. समोरच्या पानावरच्या नीलवंतासारखं तक्त्यावरून पाहून काढता आलं असतं. डब्यात काळा खडू होता, पांढराही होता. कॉमन मॉरमॉनच्या नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. पुस्तकात चित्र मिळालं असतं. बाईंनीही सुचवलं असेल, अगं, एवढं सगळं केलंस, शेवटचं रिकामं का?

ती रिकामं ठेवते.

मला या कोऱ्या चौकोनाहून अधिक काळजीनं काढलेलं चित्र हस्तलिखितात दुसरं दिसत नाही. मोठ्या माणसांच्या अहवालांतही असे चौकोन असते, तर किती बरं झालं असतं. पाहिलं ते लिहिलं. नाही पाहिलं तिथे जागा सोडली.

पण तो विचार आता बाजूला ठेवू या.

नजर चौकोनाच्या आत ठेवा.

कोरं आहे.

मन लगेच तिथे काहीतरी काढू लागेल. पंख काढेल. रंग भरेल. त्याला रागावू नका. त्यानं काढलेलं हळूच पुसा, आणि पुन्हा कोऱ्या कागदावर या.

रविवारची शाळा. फाटकाला कुलूप. मैदानात कुणी नाही. नळ टपकतो आहे. पाढे नाहीत, घंटा नाही, पातेल्याचा आवाज नाही. परसबागेत कढीपत्त्याच्या काडीवर कोष उकलतो आहे. ओले, चुरगळलेले पंख बाहेर येतात. थोडा वेळ लोंबत राहतात. भरतात. वाळतात.

पाहायला कुणीही नाही.

तरी होतं आहे.

तुम्हीही तिथे नाही. मीही नाही. तीही घरी आहे. आईबरोबर बाजारात गेली असेल, किंवा गृहपाठ करत असेल.

होतं आहे.

हे जे कुणी न पाहता होतं, त्याच्याशेजारी बसून राहू या. त्याला आपली गरज नाही. फक्त काडी मोडलेली नसावी, एवढंच त्याला लागत होतं, आणि ती मोडलेली नाही.

श्वास आत येतो. आपण तो मुद्दाम घेत नाही.

बाहेर जातो.

आता पुन्हा शाळेच्या वह्यांकडे येऊ या. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. तेव्हापासून देशभर किती प्रकल्पवह्या भरल्या गेल्या असतील. त्यांतल्या किती पानांशी कुणी असं बसलं असेल? शिक्षकांपुढे गठ्ठा असतो, आणि घरी पाहुण्यांना वही दाखवताना आपण पटापट उलटतो. ‘छान काढलंय हं’, म्हणतो, आणि परत देतो.

घरात एखादी अशी वही असेल. मुलीची, नातवाची, शेजारच्या मुलाची. ती मागा. एक पान उघडा आणि तिथे थोडे श्वास बसा. काय काढलं आहे ते विचारू नका. ‘हे तू कुठे पाहिलंस?’ असं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मुलं आधी खांदे उडवतात. मग सांगतात.

आता हे हस्तलिखित बंद करू या. रिबिनीची गाठ सैल आहे, तशीच राहू द्या. अजून पुष्कळ हात यायचे आहेत.

डोळे एकदा मिटून उघडा.

खोलीतला उजेड पाहा. पायाखालची जमीन जाणवू द्या.

जवळपास काय हिरवं आहे? गॅलरीतली कुंडी असेल. तुळस, कोरफड, नसेल तर भाजीच्या पिशवीतली कोथिंबीर. रस्त्याकडेचा पिंपळही चालेल, खिडकीतून दिसत असेल तर.

कागद घ्या. पाठकोरा असला तरी चालेल. रंग नकोत. पेन्सिल आणि रबर, दोन्ही हाताशी ठेवा.

एकच पान निवडा. कुठे खाल्लं गेलं असेल, कुठे पिवळं पडलं असेल, तेही तसंच येऊ द्या. पानाकडे जास्त वेळ, कागदाकडे कमी.

देठापासून सुरू करा.